ओल विचारली तरच सांगायची?

कोकणपट्टीतल्या घराला दोन चेहरे असतात. एक ऑक्टोबर ते मे, दुसरा जून ते सप्टेंबर. पहिल्यात भिंत कोरडी, रंग गुळगुळीत, खिडकीतून छान ऊन. दुसऱ्यात त्याच भिंतीवर नकाशासारखा डाग उमटतो, पोपडे सुटतात, लोणा फुटतो, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरट बुरशी चढते आणि खोलीत कुबट वास मुक्काम ठोकतो. घर बघायला येणारा माणूस बहुतेक वेळा पहिल्या चेहऱ्याला भेटतो, तेही वीस मिनिटं. राहणारा दोन्ही चेहरे ओळखतो. मग घर विकताना ओळखणाऱ्याने दुसऱ्या चेहऱ्याबद्दल आपणहून सांगायला हवं का? की विचारलं तरच?

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात रोज रात्री जेवणाबरोबर वाढला जायचा. डोंबिवलीतला आमचा वन बीएचके विकायचा होता. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे आता जिने मान्य करत नाहीत. बेडरूमची पश्चिमेकडची भिंत दर जुलैत ओली होते. एजंटाचं म्हणणं सरळ होतं : "काका, होळीनंतर पुट्टी भरून रंग मारून घ्या. त्या भिंतीला कपाट लावा. मे संपायच्या आत टोकन होऊन जाईल. कुणी विचारलं तर सांगू. नाही विचारलं तर आपण कशाला?" सांगितलं तर दोन-अडीच लाख कमी येतील, हा त्याचा अंदाज होता.

हा एजंट काही लबाड माणूस नव्हता. बाबांच्या कागदपत्रांसाठी तो स्वतः दोनदा रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात जाऊन आला होता. आणि त्याचा युक्तिवादही त्याचा एकट्याचा नाही. तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. सिसेरो या रोमन वकिलाने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात नेमकं हेच उदाहरण आहे : एक माणूस घर विकतोय. घर आरोग्याला वाईट आहे, खोल्यांमध्ये साप-विंचू निघतात, लाकूड कच्चं आहे. हे मालक सोडून कुणालाच ठाऊक नाही. त्याने सांगायला हवं का?

सिसेरो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. बॅबिलॉनचा डायोजिनिस (पिंपात राहणारा तो वेगळा) म्हणतो, मालकाने काय चूक केली? त्याने तुम्हाला घ्या म्हणून आग्रहसुद्धा केला नाही. त्याला नको होतं ते त्याने विकलं, तुम्हाला हवं होतं ते तुम्ही घेतलं. आपल्याच मालाचे दोष दवंडी पिटून सांगणारा विक्रेता कुणी पाहिलाय का? त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवणं हे आपण वाईट समजतो, आणि इथे तर तुम्ही माणसाला जाणूनबुजून चुकीच्या वाटेने जाऊ देताय. शेवटी सिसेरो स्वतः निकाल देतो. माहीत असलेली प्रत्येक गोष्ट न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. पण ज्याला ती कळण्यात हित आहे, त्याला ती आपल्या फायद्यासाठी कळू नये अशी इच्छा धरणं, हे लपवणं आहे.

हे वाचल्यावर मला एजंटाच्या सल्ल्यातला जोड दिसायला लागला. "नाही विचारलं तर आपण कशाला?" हे गप्प राहणं झालं. पण त्याच्या आधीची दोन वाक्यं गप्प राहण्याची नव्हती. पुट्टी भरा. कपाट लावा. ज्याला खरंच गप्प राहायचंय तो भिंत आहे तशी ठेवतो. आम्हाला सांगितलं जात होतं ते हे की, समोरच्याला विचारावंसंच वाटू नये अशी सोय करा. म्हणजे आधी प्रश्न मारायचा आणि मग प्रश्न आला नाही म्हणून उत्तर दिलं नाही असं म्हणायचं.

अर्थात, विकण्याआधी घराला रंग कोण देत नाही? मुलगी बघायच्या कार्यक्रमालासुद्धा दिवाणखान्याला हात फिरवतात. मग कुठला रंग सजावट आणि कुठला रंग लबाडी? इथे ओलीचं थोडं विज्ञान उपयोगी पडतं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना घराबाहेर ठेवणं शक्य नाही. त्यांना वाढायला पाणी लागतं. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरू शकते. त्यामुळे पुसणं, ब्लीच मारणं, वरून रंग देणं हे इलाज नव्हेत. पाणी कुठून येतं ते शोधून बंद करणं हा इलाज. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप, गच्चीवरचा फुटलेला कोबा, बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, असं कुठूनही ते येऊ शकतं. आमच्या भिंतीत ते भेगांतून यायचं, कारण नैऋत्येचा पाऊस तिच्यावर थेट आपटतो. दुरुस्ती म्हणजे बाहेरून परांची बांधून भेगा भरणं, आणि ते काम सोसायटीचं. सर्वसाधारण सभेत विषय तीनदा निघाला आणि फंड नाही म्हणून तीनदा मागे पडला.

म्हणजे आमच्या हातात फक्त रंगच होता. आणि रंग ओल थांबवत नाही, ती दिसण्याची तारीख पुढे ढकलतो. आमच्या धंद्यात याला समांतर गोष्ट आहे. प्रोग्रॅम एरर देत असेल तर दोन रस्ते असतात : चूक दुरुस्त करा, किंवा एररचा मेसेज दिसणार नाही अशी व्यवस्था करा. दुसऱ्या रस्त्याने स्क्रीन स्वच्छ दिसते आणि डेमो पार पडतो. म्हणूनच कुठलंही सॉफ्टवेअर देताना आम्ही सोबत एक यादी देतो : यात अमुक त्रुटी आहेत, आम्हाला माहीत आहेत, अजून दुरुस्त झालेल्या नाहीत. ती यादी लाजिरवाणी नसते. ती नसणं लाजिरवाणं असतं. रंगाचंही तेच. खाली काय आहे हे सांगून दिलेला रंग ही सजावट. ते कळू नये म्हणून दिलेला रंग हे विधान आहे, आणि ते खोटं आहे.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये घोड्याची उदाहरणं आहेत. लिलावात मी तुम्हाला घोडा विकला, त्यात खोट आहे हे मला माहीत आहे, मी काहीच बोललो नाही, तर ती फसवणूक नाही. पण तुम्ही म्हणालात, "तुम्ही नाही म्हटलं नाहीत, तर मी घोडा चांगला आहे असं धरून चालेन" आणि मी गप्प राहिलो, तर माझं गप्प बसणं म्हणजेच बोलणं. घराच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे जातो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक मानली जाते. बिल्डरसाठी २०१६ चा रेरा कायदा आहेच, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. पण आमच्यासारखी जुनी घरं माणसाकडून माणसाकडे जातात. तिथे हे १८८२ सालचं कलम आणि विकणाऱ्याची लाज, एवढंच असतं.

घोड्याला एक नियम आणि घराला दुसरा, असं का? मला वाटतं, उत्तर वेळेत आहे. घोडा पळवून बघता येतो, त्याचे दात बघता येतात. घराबद्दलचं ज्ञान मात्र केवळ तिथे राहून मिळतं. आमच्या त्या भिंतीची माहिती ही पंधरा पावसाळ्यांची कमाई आहे. घेणारा कितीही हुशार असला तरी त्याला मार्चमध्ये जुलै विकत घेता येत नाही. आणि ही माहिती तशी गुपितही नसते. वरच्या काकूंना ती ठाऊक असते, वॉचमनला असते, सेक्रेटरीकडे तक्रारीचा अर्ज पडलेला असतो, कामाला येणाऱ्या मावशी तो कोपरा रोज पुसत असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराची विक्री त्या घरासमोर, शेजारच्या कुटुंबांच्या साक्षीने जाहीर करायला सांगितली आहे. मुख्य चिंता हद्दी आणि किमतीची असेल, पण घराला ओळखणारे लोक तिथे हजर असायचे. आज घेणारा दोनच माणसांना भेटतो : मालक आणि एजंट. दोघांनाही व्यवहार व्हायला हवा असतो.

आमच्या घरात सगळ्यात जोरदार विरोध आईचा होता आणि तिचा मुद्दा हलका नव्हता. "२००९ मध्ये आपण हे घर घेतलं तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं? त्या भिंतीवर त्यांनी हे मोठं कॅलेंडर लावलं होतं. पहिल्या पावसात तुझं अंथरूण हॉलमध्ये आणलं मी. आता शहाणपणा आपणच का करायचा?"

मी बरेच दिवस यावर विचार करत होतो. समजा, बाजारात मला पाचशेची खोटी नोट मिळाली. मी फसलो, हे खरं. पण ती नोट भाजीवाल्या मावशींना देण्याचा हक्क मला त्यामुळे मिळतो का? माझं नुकसान ज्याने नोट दिली त्याने केलं. मावशींनी नाही. आईची तक्रार शंभर टक्के रास्त होती, फक्त ती ज्या माणसाविरुद्ध होती तो २००९ मध्येच निघून गेला. नव्या माणसाकडून वसुली करणं म्हणजे न्याय मिळवणं नव्हे, रांगेत एक माणूस वाढवणं. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बोलायला सोपं आहे. जिने मी चढते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा, आणि तो मला जास्त छळतो. जॉर्ज अॅकरलॉफने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : कुठली गाडी खराब हे विकणाऱ्याला कळतं, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी थोडी खराब असेलच असं धरून भाव देतो. मग चांगल्या गाडीवाल्याला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्या उरतात. रिसेल फ्लॅटचंही असंच आहे. "जुनं घर म्हणजे थोडंफार गळणारच" असं म्हणून घेणारा आधीच भाव पाडून मागतो. म्हणजे सगळे लपवतात या हिशेबाने एक कपात झालेलीच असते. त्यावर खरं बोलणाऱ्याची दुसरी कपात. प्रामाणिक माणूस दोनदा भरतो.

यावर मला सापडलेला तोडगा अर्धाच आहे. नुसतं "थोडी ओल येते" असं सांगितलं तर ऐकणारा मनात सगळ्यात भयंकर भिंत रंगवतो. त्यामुळे मोजून सांगायचं. बाबांनी एक फाइल केली. तीन वर्षांचे जुलैतले फोटो, तारखेसकट. कुठली भिंत, जमिनीपासून किती फुटांपर्यंत. सोसायटीला दिलेल्या अर्जांच्या प्रती. बाहेरून दुरुस्तीचं एका कंत्राटदाराचं अंदाजपत्रक. कपाट लावलं नाही. घर बघायला आलेल्या प्रत्येकाला बाबा चहाआधी ती फाइल द्यायचे. एजंट कपाळाला हात लावायचा.

प्रामाणिकपणा शेवटी फायद्याचाच ठरतो असं सांगणारे लेख मला पटत नाहीत, म्हणून पुढचं जसंच्या तसं सांगतो. पहिल्या कुटुंबाने फाइल चाळली, आभार मानले आणि नंतर फोन उचलला नाही. दुसऱ्यांनी आईच्या समोर ‘प्रॉब्लेमवाला फ्लॅट’ म्हटलं. चौथ्यांदा आलेल्या जोडप्याने घर घेतलं, ठरलेल्या भावापेक्षा पावणेदोन लाख कमी देऊन. नव्या घराची लाकडी कामं त्यामुळे अडली. आईने ती गोष्ट दोन महिने काढली. खरं सांगितल्याचा आम्हाला तोटा झाला. तोटा झाला नसता तर हा नैतिक प्रश्नच नव्हता, नुसतं चांगलं मार्केटिंग होतं.

पण ते पावणेदोन लाख नेमके कुणाचे होते? त्या भिंतीचा खर्च कुणाला तरी येणारच होता. लपवल्याने तो नाहीसा झाला नसता, माहीत नसलेल्याच्या नावावर चढला असता. घेणारं जोडपं माझ्याच वयाचं, वीस वर्षांचं कर्ज काढणारं. साडेआठ टक्क्यांनी पावणेदोन लाखांची वीस वर्षांत परतफेड होते सुमारे ३ लाख ६४ हजार रुपये. म्हणजे आमच्या गप्प बसण्याचा हप्ता त्यांनी दरमहा दीड हजार रुपये, त्यांच्या पन्नाशीपर्यंत भरला असता, आणि वर भिंत ओली ती ओलीच. शिवाय हे फक्त पैशांचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. अशा घरांचा संबंध श्वसनाचे त्रास, अॅलर्जी आणि दम्याशी असल्याचं त्यात म्हटलं आहे. त्या बेडरूममध्ये कोण झोपणार हे आम्हाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना भिंत माहीत असणं भाग होतं.

मग सगळंच सांगायचं का? वरच्या मजल्यावरची मुलं रात्री अकराला धावतात, हेही? इथे कलम ५५ चा सांगाडा मला उपयोगी वाटतो. मला माहीत आहे का? त्याला साध्या पाहणीत कळणार नाही का? आणि कळलं असतं तर घर वापरण्याच्या, टिकण्याच्या, तिथे निरोगी राहण्याच्या दृष्टीने त्याला फरक पडला असता का? लिफ्ट नाही हे दिसतं, ते फाइलमध्ये नको. दर उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येतं हे दिसत नाही, ते हवं. तिसऱ्या प्रश्नातली ‘घराच्या दृष्टीने’ ही अट मी मुद्दाम ठेवलीय. शेजारी कुठल्या जातीचे, कुठल्या धर्माचे, हे विचारणारे आम्हाला दोघं भेटले. त्यावर त्यांचा निर्णय बदलला असता, यात शंका नाही. पण ओल हा भिंतीचा दोष आहे. शेजारी हा दोष नाही. समोरच्याचा प्रत्येक पूर्वग्रह पुरवणं हे सत्य सांगण्याचं कर्तव्य होऊ शकत नाही. बाबांनी त्या दोघांना सांगितलं, "चांगली माणसं आहेत" आणि फाइल पुढे केली.

हे वाचणाऱ्या अनेकांकडे विकायला घर नसेल. मीही पुण्यात भाड्यानेच राहतो. पण अकरा महिन्यांच्या करारात प्रत्येक भाडेकरू बहुधा एक तरी पावसाळा बघतो, आणि मग कधीतरी मालक नव्या भाडेकरूला घर दाखवायला आणतो. मालक बाल्कनीत फोनवर असताना तो नवा मुलगा हळूच विचारतो, "घर कसं आहे?" आपलं डिपॉझिट अजून मालकाकडे असतं. त्या क्षणी घराला ओळखणारे आपण असतो. वरचं सगळं तत्त्वज्ञान त्या अर्ध्या मिनिटात लागू होतं. आणि न विचारणारा आला तर? त्याच्या बाबतीतही पावसाळा तोच असतो.

आणि तुम्ही घेणारे असाल, तर घोड्याचं ते उदाहरण लक्षात ठेवा. टोकन देण्याआधी मालकाला एक मेसेज लिहा : "घरात कुठे ओल, गळती किंवा बुरशी येते का? तुम्ही काही कळवलं नाहीत तर नाही असं धरून चालतो." उद्या कोर्टात याचं काय होईल ते त्या त्या प्रकरणावर ठरेल. पण समोरच्याच्या गप्प राहण्याला या मेसेजने अर्थ येतो, आणि तो लेखी राहतो. जमलं तर व्यवहार एक पावसाळा लांबवा. नाही जमलं तर वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा. त्या काकूंना बहुतेक सगळं माहीत असतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.